उगवतीकडची जागा

सर गेले त्या आठवड्यात शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, ‘एका सुवर्णकाळाचा अस्त’. शोकसभा म्हणून मी पांढरी साडी नेसून, तोंड पाडून ऑटोतून उतरले, ते वाचलं आणि मला फाटकातच हसू फुटलं. शिपायाला वाटलं, मॅडमचं डोकं फिरलं. फिरणारच. ज्या माणसानं उभ्या नोकरीत हा शब्द कुणाला लिहू दिला नाही, त्याच्याच नावानं तो फळ्यावर चढवला होता.

पोट्टे गाईड पाठ करून पेपरात लिहायचे, अमक्या राजाचा काळ हा सुवर्णकाळ होता. सर समासात लाल पेनानं एकच शब्द लिहायचे, ‘कोनाचा?’ आणि अर्धा मार्क कापायचे. पालक भांडायला यायचे, की अहो, हे तर गाईडमध्ये छापलेलं आहे. सर शांतपणे म्हणायचे, “मंग गाईडवाल्याले घेऊन या. त्याचाबी कापतो.”

शोकसभेत पहिलं भाषण संस्थेच्या अध्यक्षांचं झालं. त्यांनी डोळे पुसले. रुमालाला कडक इस्त्री होती. सरांना अकोल्यातून उचलून तेल्हाऱ्याला फेकणारे हेच, आणि त्यांच्या म्हातारपणाची माती करणारेही हेच. मी भाषणाच्या मध्येच उठून बाहेर आले. लोक म्हणाले, मॅडमला फार लागलेलं दिसते. लागलंच होतं, पण त्यांना वाटलं तसं नाही.

मी गणिताची, सर इतिहासाचे. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची खिडकीजवळ आणि सर खिडकीत. खुर्चीवर ते बसायचेच नाहीत. म्हणायचे, “खुर्चीवर बसलं का मानूस आइकत नाई, नुसता बोलते.” म्हणून ते खिडकीत पाय हलवत बसायचे आणि तिथून आमच्यापेक्षा जास्त बोलायचे. भाकर आणि मिरच्यांचा ठेचा, दुसरं काही डब्यात कधी पाहिलं नाही. कौतुक करण्यात महाकंजूष. बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीला म्हणाले, “बरं हाये.” ती पोरगी बिचारी रडायला लागली, तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं.

नव्या माणसाची ओळख झाली की नाव, नोकरी, लेकरंबाळं असलं काही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न, “गाव कोनतं?” आणि लगेच दुसरा, “गावात घर कोनत्या बाजूले?” आमच्याकडे हा प्रश्न साधा नाही. घर कोणत्या बाजूला ते सांगितलं की जात सांगून झाली. एकदा सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात भर मांडवात त्यांनी वरबापाला हे विचारलं. वरबाप लालबुंद झाला. मी सरांना बाजूला घेऊन म्हटलं, सर, हे काय विचारणं झालं? तर म्हणतात, “अवो मॅडम, त्यायनं सोयरिक जमवाच्या आधी हेच इचारलं असन. म्या उघड इचारलं, एवढंच.”

त्यांच्या पिशवीत नेहमी एक स्टीलचा ग्लास असे. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सरांनी पिशवीतून आपला ग्लास काढून पुढं धरला. सासूबाईंचा चेहरा उतरला. “अहो, आमच्याकडे तसं काही नाही हो,” त्या म्हणाल्या. सर म्हणाले, “नसन. पन आता तुमाले इचार कराचं कामच नाई. कोनता ग्लास द्याचा, मंग तो येगळा घासाचा का कसं, तेवढी डोक्याची मेहनत वाचली तुमची.” ते गेल्यावर सासूबाई कितीतरी वेळ धुसफुसत होत्या. काय माणूस आहे, घरी आलेल्यानं असं बोलावं का! आमच्या मोरीत कामवालीचा कप वेगळा पालथा घातलेला असायचा, तो त्यांनाही माहीत होता आणि मलाही.

तर असा हा माणूस. तिरसट म्हणा, विक्षिप्त म्हणा, शाळेत त्यांना याहून वाईट शब्द होते. शिकवण्याची त्यांची तऱ्हाच निराळी. राजे, लढाया, सनावळ्या ते धावत्या गाडीनं उरकायचे. “राजा कोन होता ते पुस्तकात हाये. कोन कुठी उभं होतं ते पुस्तकात नाई. इतिहास तेवढाच,” हे त्यांचं पालुपद. आणि ते शिकवायला दरवर्षी सहावीच्या पोरांना मैदानावर न्यायचे.

कबड्डीसाठी आणलेली पांढरी फक्की घेऊन ते मैदानावर गाव आखायचे. मध्ये चावडी, देऊळ, मशीद, बाजार, विहीर. भोवती एक मोठी रेषा, ते गावकूस, म्हणजे गावाची भिंत. आणि उगवतीकडं, त्या रेषेच्या बाहेर, एक पुरा. पुरा म्हणजे वस्ती. गावाबाहेरचा पुरा कुणाचा, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. सर तसल्याच एका पुऱ्यात जन्मले होते.

“उगवतीकडंच काहून?” ते पोरांना विचारायचे. कुणालाच यायचं नाही. मग मूठभर फक्की हवेत उडवायचे. ती उगवतीकडं उडून जायची. “पाह्यलं? वारा मावळतीकून येते. आमच्या अंगावरचा वारा गावात शिरू नये, मनून आमाले हिकडं ठेवलं. गावाचं नाक लय नाजूक होतं.”

कुणी कोण व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. त्या वर्षी पाटलाची चिठ्ठी निघाली बांगड्यांचं दुकान असलेल्या एका मुसलमान घरच्या मुलीला, आणि पुऱ्यातली चिठ्ठी निघाली थेट अध्यक्षांच्या नातवाला. खेळाचा नियम असा, की पुऱ्यातल्यानं रेषेच्या आत पाय टाकायचा नाही. पाणी पाहिजे तर बाहेरून हाक मारायची, आतल्या कुणाच्या मनात आलं तर तो वरून ओतेल. उन्हाळा तोंडावर आलेला, जोडतास दुपारचा. नातू हाका मारून मारून थकला. पाटलीणबाई स्टुलावर पायावर पाय टाकून बसलेल्या. “अभी मेरा मूड नहीं है,” ती म्हणाली, आणि सगळं गाव खो खो हसलं. पोरगं रडायला लागलं. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. सरांनी घंटा होईपर्यंत काही म्हणजे काही केलं नाही. घंटा झाल्यावर त्याला जवळ घेतलं, आपल्या ग्लासातून पाणी पाजलं आणि म्हणाले, “तुले एक तास झाला. माह्या अक्काचा जलम गेला.”

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष शाळेत. “माझ्या नातवाला गावाबाहेर उभं केलं तुम्ही?” सर म्हणाले, “म्या नाई केलं जी, चिठ्ठीनं केलं. आमाले तर चिठ्ठीबी नोती.”

बदलीची ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली. तेल्हारा काही वाईट गाव नाही, चांगलं कापसाचं गाव आहे, पण सरांचं घर अकोल्यात आणि घरी त्यांच्याशिवाय अक्काला कुणी नाही. रिटायर होईपर्यंत ते रोज एस.टी.नं गेले आणि आले. मैदानावरचं गाव बंद पडलं. आमच्या शाळेत त्या तासाला पुढं संगणक शिकवायला लागले.

अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच सरांना वाढवलं, दुसऱ्याच्या वावरात राबून शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. लहानपणी ती घागर घेऊन गावच्या विहिरीपासून लांब बसायची. कुणीतरी येईल, दया येऊन घागरीत ओतेल, म्हणून. हे मला सरांनी सांगितलं. अक्कानं कधीच नाही. मी कितीदा त्यांच्या घरी गेले, चहा प्यायले, गप्पा झाल्या. पण सरांनी तो विषय काढला रे काढला की ती उठून आत जायची आणि भांडी वाजवायला लागायची. सरांना याचा फार त्रास व्हायचा. म्हणायचे, “मॅडम, माह्या घरात जो इतिहास हाये तो मलेच शिकता नाई आला.”

सर रिटायर झाल्यावर एकदा भर दुपारी आमच्याकडे आले. चेहरा असा काही उजळला होता, की मला वाटलं लॉटरी लागली.

“मॅडम, एक गोष्ट सांगतो, हसू नोका. अध्यक्ष आले होते घरी. नातवाले घेऊन.”

नातू पुण्याहून शिकून आला होता आणि परतवाड्याच्या अलीकडं संस्थेच्या जमिनीवर जुन्या काळचं गाव उभं करणार होता. पर्यटकांसाठी. कुंभार, लोहार, तेलाचा घाणा, बैलगाड्या, सगळं चालतंबोलतं. त्याला सरांचा सल्ला पाहिजे होता. मी म्हटलं, सर, याच लोकांनी तुम्हाला तेल्हाऱ्याला धाडलं. विसरलात?

“नाई इसरलो. पन मॅडम, त्यायनं आमच्या घरच्या ग्लासातलं पानी पेलं. अक्कानं देल्लं, त्यायनं घेतलं, घटाघट पेले, अजून मांगतलं.”

मी कपाळावर हात मारला. जन्मभर स्वतःचा ग्लास घेऊन जगभर हिंडलेला माणूस, आणि त्याला कशानं जिंकावं, तर एका ग्लासानं! अध्यक्षांना ते बरोबर माहीत होतं. तो माणूस निवडणुका उगाच जिंकत नव्हता. पण सरांना सांगून उपयोग नव्हता. त्यांना जन्मात कुणी एवढं सोपं फसवलं नव्हतं, कारण तोवर अध्यक्षांसारख्या कुणी बड्या माणसानं त्यांच्या घरात येऊन पाणी प्यायची तसदीच घेतली नव्हती.

सरांची अट एकच. गावाबाहेर उगवतीकडं पुरा पाहिजे. नातू म्हणाला, नक्की सर, फेज टूमध्ये. पुढं कितीतरी महिने सर तिकडं उन्हातान्हात हिंडले. चावडी कुठं, वेस कुठं, विहीर कुठं, सगळं त्यांनी फक्कीनं आखून दिलं. शेवटी पुरा आखला. आणि घरी येऊन अक्काच्या मागं लागले. तिथं आपल्यासारखं घर होईल, तू तिथं बस आणि तुझ्या तोंडानं सांग.

मला म्हणाले, “तेली तेल काढून दाखोईल, कुंभार मडकं करून दाखोईल. आमची अक्का पान्याची वाट पाहून दाखोईल.” हसत म्हणाले, पण गंमत म्हणून नाही. त्यांना आता दुसरं काही नको होतं. तिचं ते सगळं तिच्याबरोबर जाऊ नये, कुणीतरी ते ऐकावं, एवढ्यासाठी हा माणूस त्या गावाच्या नादी लागला होता.

अक्का महिनोन्‌महिने नाही म्हणत राहिली. “कावून उकरून रायला रे?” मग एक दिवस तिचाच सूर बदलला. “बरं. एकडाव सांगीन. मंग मले कोनी इचारू नोका.”

गाव सुरू झालं. सरांना उद्‌घाटनाचं बोलावणं आलं नाही. नातवानं फोनवर सांगितलं, सर, गर्दीत मजा नाही, तुम्ही नंतर निवांत या. आमच्या ह्यांना चिखलदऱ्याला जायचंच होतं. म्हटलं, वाटेवरच आहे, सगळेच जाऊ. ह्यांची गाडी, पुढं सर, मागं मी आणि अक्का. अकोट येईपर्यंत रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. अंजनगाव सुर्जीला माझं माहेर, तिथं आमचे पानमळे होते, तिथं चहापाणी झालं. माझ्या भावजयीनं अक्काला संत्री दिली. ती तिनं पदरात धरून ठेवली, खाल्ली नाहीत.

पुढच्या रस्त्याला लागलो तेव्हा अक्का एकदम म्हणाली, “कोन आइकन रे तिथी?”

“लोक येतात अक्का. गाड्या भरभरून येतात.”

“मंग म्या कुठून सुरू करू?”

“घागरीपासून कर.”

त्यानंतर ती खिडकीकडं तोंड करून बसली. मी हळूच पाहिलं, तिचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात म्हणून बघत होती. पांढरं स्वच्छ लुगडं नेसली होती, आणि भाषणाला निघालेल्या लहान पोरीसारखी घाबरली होती. पुढं सर ताठ बसले होते, पण त्यांचे कान मागं होते हे मला कळत होतं.

गावाच्या वेशीवर तिकीट, मनगटाला कागदी पट्टा, आणि मोठा फलक, ‘जिवंत इतिहास अनुभवा’. आत शिरताच धोतर नेसलेला एक पोऱ्या हात जोडून ओरडला, “राम राम पाव्हनं! लई दिसांनी गावाकडं आलासा!” सर जागच्या जागी थांबले. “हे कोनत्या जिल्ह्यात आलो आपन?” वऱ्हाडात उभं राहून ते लोक सिरियलमधली भाषा बोलत होते. भिंतींवर वारल्यांची चित्रं. वारली कुठले, वऱ्हाड कुठलं! घाण्याचा बैल तेवढा खरा होता, आणि त्याला बिचाऱ्याला काही बोलायचं नव्हतं. आमचे हे मात्र खूश. बैलगाडीवर चढून फेटा बांधून फोटो काढत बसले. विहीर बांधली होती देखणी, रहाटासकट, आणि शेजारी थंड पाण्याचे माठ. नऊवारीतल्या पोरी पाहुण्यांना पाणी वाढत होत्या. अक्का त्या विहिरीकडं एकदा बघून पुढं निघाली. कुठं जायचं ते तिला माहीत होतं, सरांनी घरी शंभरदा सांगितलं होतं.

तेवढ्यात नातू आला. वाकून सरांच्या पाया पडला. “सर, हे सगळं तुमच्यामुळं! तो शाळेतला खेळ मी अजून विसरलो नाही. मी पाटील झालो होतो ना तेव्हा?”

सरांनी त्याच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, “असन.” चुकीचं उत्तर सरांनी सोडून दिलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, ते तिथं.

“पुरा कुठी हाये?” सरांनी विचारलं.

“सर, त्याचं काय झालं, आम्ही लोकांचा फीडबॅक घेतला. फॅमिली येतात, लहान मुलं असतात. एवढी निगेटिव्हिटी कशाला, असं म्हणणं पडलं सगळ्यांचं. आणि खरं सांगू का, तुमच्याच लोकांना वाईट वाटलं असतं.”

“आमच्या लोकायले इचारलं?”

“विचारायचं काय त्यात, सर. पण तुमची मेहनत वाया घालवली नाही हां. या ना, दाखवतो.”

तो आम्हाला उगवतीच्या दारानं बाहेर घेऊन गेला. भिंतीच्या पलीकडं, सरांनी फक्कीनं आखून दिलेल्या त्या जागेवर, मातीनं लिंपलेली, गवतानं शाकारलेली एक लांबलचक इमारत होती. एका दारावर फेटेवाल्या पुरुषाचं चित्र, एका दारावर नथवाल्या बाईचं. संडास. सगळ्या गावाचे संडास.

“जागा तुमचीच, सर,” नातू उत्साहानं सांगत होता. “तुमचं ते वाऱ्याचं लॉजिक आर्किटेक्टला सांगितलं, तो इतका खूश झाला! एकदम सायंटिफिक आहे म्हणाला. गावात अजिबात वास येत नाही.”

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, “अरे, तू पाटील नव्हतास. पाटील ती बांगडीवाल्यांची पोरगी होती. तू रेषेच्या बाहेर उभा राहून पाण्यासाठी रडत होतास. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी.”

तो हसला. “काहीतरीच काय मॅडम!” म्हणाला आणि घड्याळ बघत एका बसच्या पाहुण्यांकडं निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याला खरंच तसं आठवत होतं. मला त्याची जास्त चीड आली.

सर भिंतीला टेकून उभे होते.

“हाच का रे तो पुरा?” अक्कानं विचारलं. तिला ना फीडबॅक समजला होता, ना फेज टू. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. जागा तीच होती, उगवतीची, गावाच्या भिंतीबाहेरची. घर मातीचं होतं, वर गवत होतं. तिनं मान हलवली, पायरीवरची धूळ पदरानं झटकली आणि बसली. पायरीच्या दुसऱ्या टोकाला फिनाईलची बादली घेऊन एक बाई बसली होती. तिशीतली असेल. तिलाही संस्थेनं नऊवारी दिली होती, वर गळ्यात ओळखपत्र. तिनं अक्काला विचारलं, आजी, थकल्या का?

आणि अक्का सांगायला लागली. अगदी घागरीपासून. मी आणि सर तिथंच, हाताच्या अंतरावर उभे.

“माही घागर माह्यापेक्षा मोठी होती बाई. सकाळीच जाऊन बसो. इहिरीजोळ नाई, लांब, बाभयीखाली. जवळ जाचा हुकूम नोता. बाया येत, पानी भरत, जात. आमी मनो, वाढ वो माय, वाढ. एखादी थांबे, एखादी नाई थांबे. घागर जमिनीवर ठिवून आपन मांगं सराचं, मंग ते वरून ओते. सांडलेलं पानी पाहून जीव तुटे. एक दिवस दुपार झाली, कोनीच नाई ओतलं. घरी हा ल्हानगा, तापानं फनफनला. पान्यासाठी रडे. म्या रिकामी घागर घेऊन घरी आली. मायनं मले मारलं नाई. त्याचंच मले लय लागलं.”

सरांचा हात माझ्या दंडावर आला आणि तिथं घट्ट झाला. तो तापानं फणफणलेला ल्हानगा कोण, हे त्यांनाही तेव्हाच कळत होतं.

ती बाई कपडा पिळता पिळता लक्ष देऊन ऐकत होती. अक्का थांबली तशी म्हणाली, “मंग आजी? मंग काय झालं?”

“मंग काय. तेवढंच.”

बाई जराशी गोंधळली. काहीतरी पुढं असेल, म्हणून तिनं अजून थोडी वाट पाहिली. मग अक्काचं मन राखायला म्हणून म्हणाली, “आमचंबी तसंच हाये जी. पाव्हणे असले का आमाले आत जाता येत नाई. फोटोत झाडू येते मनतात. दिवसभर हिकडंच. ते माठावरची पोरगी दारापाशी कॅन घेऊन येते. आमी बाटल्या खाली ठिवतो, ते वरून भरून देते. कधी गर्दी असली तं इसरते बिचारी. पन चांगली हाये, सभावानं चांगली हाये.” आणि रोजचं बोलणं बोलून झाल्यासारखी ती बादली उचलून आत निघून गेली.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि सरांकडं वळून म्हणाली, “चाल रे घरी. हिले काय सांगाचं? हिले समदं माईत हाये.”